सूत्रसंचालन हे आयत्या वेळचे काम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या तालुक्याच्या गावी झालेल्या कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या जपणाऱ्या एका वयोवृद्ध बाईंचा सत्कार होता. सूत्रसंचालकाने ‘डांगे’ हे त्यांचे आडनाव दोनदा ‘दंगे’ असे पुकारले. बाई दुसऱ्या रांगेत होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. आपल्यालाच बोलावत आहेत हे त्यांना कळलेच नाही. नातीने उठवल्यावर काठी टेकत त्या पायऱ्यांपाशी पोहोचल्या, तोवर एक चारोळी म्हणून होऊन पुढच्या सत्कारमूर्तींचे नाव जाहीरही झाले होते. शाल-श्रीफळ त्यांना मिळाले, पण टाळ्या त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत.

त्या तरुणाला एकट्याला मी दोष देणार नाही. यादी त्याला अर्धा तास आधी मोबाइलवर मिळाली होती, तीही रोमन लिपीत, जिच्यात ड आणि द, ट आणि त, ळ आणि ल यांतला भेद उरत नाही आणि काळे व काले सारखेच दिसतात. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करताना मी एक नियम पाळला आहे. प्रत्येक पाहुण्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलायचे, त्यांचे नाव त्यांच्याच तोंडून ऐकायचे आणि देवनागरीत ठळक लिहून घ्यायचे. यास एक तास पुरतो; मात्र यादी दोन दिवस आधी हाती यावी लागते.

संयोजक मंडप, माइक आणि हारतुऱ्यांचे पैसे बिनतक्रार मोजतात, पण सूत्रसंचालन ‘तुमचा आवाज चांगला आहे, तेवढे बघा’ असे म्हणून गळ्यात टाकतात आणि शेवटी गुलाबाचे फूल देतात. ज्या कामाला मानधन नाही, त्याची संहिता मागण्याचा, त्यातली चूक दाखवण्याचा हक्कही मग कोणाला राहत नाही.

आम्हा सूत्रसंचालकांनाही काही पथ्ये पाळावी लागतील. संस्कृत नाटकातील सूत्रधार नांदीनंतर येतो, कवीचे व नाटकाचे नाव सांगतो, रसिकांचे मन तयार करतो आणि रंगमंच पात्रांच्या स्वाधीन करून निघून जातो. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात आनंद देशमुख यांचे निवेदन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मोजक्या शब्दांत मैफलीची बैठक कशी जमते हे सांगायला नको. याउलट आपल्याकडे प्रत्येक वक्त्याच्या आधी शेर आणि नंतर भाषणाचा सारांश, असे करत प्रमुख पाहुण्यांच्या वाट्याची वीस मिनिटे सूत्रसंचालकच खाऊन टाकतो. खुल्या मैदानात तर ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, आणि ज्यांना ऐकायला लोक लांबून आलेले असतात त्यांनाच आटोपते घ्यावे लागते.

येत्या हंगामातील कार्यक्रमांची अंदाजपत्रके मंडळे आणि ग्रंथालये आता तयार करत असतील. त्यात सूत्रसंचालकाच्या मानधनाची एक ओळ घालावी, आणि मिनिटवार कार्यक्रमपत्रिका व देवनागरीतील नावांची यादी त्याला दोन दिवस आधी द्यावी, अशी माझी सर्व संयोजकांना कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा