विंडोज पुसण्याआधीचा अर्धा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हँडहेल्ड कन्सोलवरची, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या संगणकावरची, विंडोज काढा, लिनक्स टाका, खेळ पळायला लागतील, पाच मिनिटांचे काम आहे, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. खेळ सुरळीत पळतात हे बऱ्याच अंशी खरे आहे. पाच मिनिटांचे मात्र खरे नाही, आणि त्या घाईतच लोकांची यंत्रे अडकून पडतात. इन्स्टॉल करणे तसे सोपेच असते. ते फसते आधी करायच्या राहून गेलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यातल्या बऱ्याचशा फक्त विंडोज जिवंत असतानाच करता येतात. आपल्या वाचकांत हे काम घरी करू पाहणारे विद्यार्थी आणि पैसे घेऊन करून देणारे दुकानदार असे दोघेही असतील, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

‘स्टीम’ हे पीसी खेळांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने स्टीम डेक हा स्वतःचा हँडहेल्ड आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आणला नाही. त्यामुळे २०२३च्या जुलैत ६९,९९० रुपयांना आलेला असुसचा आरओजी अ‍ॅलाय अनेकांनी घेतला. ७ इंची पडदा, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि विंडोज ११. यंत्र दमदार आहे, पण माउससाठी बनलेली विंडोज बोटाने चालवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि झोपवलेले यंत्र बॅगेत आपोआप जागे होऊन गरम झालेले सापडते. यावरचा सर्वात रुळलेला उपाय म्हणजे बॅझाइट. फेडोरा लिनक्सवर उभी असलेली ही प्रणाली चालू होताच थेट स्टीमच्या गेम मोडमध्ये, म्हणजे बटणांनी चालवायच्या खेळांच्या पडद्यावर, नेते, आणि पॉवरचे बटण दाबले की चालू खेळ जिथल्या तिथे थांबतो. पुढचे सगळे अ‍ॅलाय आणि बॅझाइट धरून लिहिले आहे.

पहिले काम फर्मवेअरचे, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरचे. अ‍ॅलायच्या बटणांचा आणि जॉयस्टिकचा कारभार एमसीयू नावाची वेगळी चिप पाहते. तिचे फर्मवेअर जुने असेल, तर लिनक्समध्ये यंत्र झोपून उठल्यावर बटणे गायब होतात. पडदा लागतो, आवाज येतो, पण कुठलेच बटण दाद देत नाही. साध्या अ‍ॅलायवर ही आवृत्ती निदान ३१९ हवी, अ‍ॅलाय एक्सवर (नंतरच्या सुधारित मॉडेलवर) निदान ३१३. विंडोजमधल्या आर्मरी क्रेट या असुसच्या प्रोग्रॅमच्या अपडेट सेंटरमध्ये ती अद्ययावत करता येते. चार्जर लावून करा आणि मध्येच केबल ओढू नका. बायोस (यंत्र चालू होताना सर्वात आधी धावणारे फर्मवेअर) नंतरही पेनड्राइव्हवरून बदलता येतो, पण एमसीयूसाठी पुन्हा विंडोज टाकण्यावाचून सोपा मार्ग उरत नाही. विंडोज पुसून मोकळे झालेले लोक नेमके इथे अडतात.

दुसरे बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे हे पुष्कळांच्या गावीही नसते. डिस्कची किल्ली टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते आणि बूटची मांडणी ठरल्यासारखी असेल तरच ती चिप किल्ली सोडते. सिक्युअर बूट (फक्त ओळखीची प्रणाली सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बदलला किंवा बायोस अपडेट केला, की निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आधी कागदावर उतरवून घ्या, त्याच यंत्रात फाइल करून ठेवण्यात काहीच अर्थ नाही. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवा. दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील, तर एन्क्रिप्शन पूर्ण काढून मगच पार्टिशनला (डिस्कच्या विभागांना) हात लावा.

त्याच बैठकीत फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज बंद केली तरी खरी बंद होत नाही, अर्धवट गोठलेली राहते, आणि लिनक्स तिच्या पार्टिशनवर लिहायला नकार देते. हायबरनेशनही बंद केले तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जागा आकसताना अडथळा कमी येतो, कारण त्याची फाइल हलवता येत नाही आणि मध्येच खुंट रोवल्यासारखी बसलेली असते. ५१२ जीबीची डिस्क विंडोजला ४७६ जीबी दिसते. त्यातली निदान १५० तरी मोकळी करा, नाहीतर मोठे खेळ दोन टाकले की जागा संपली. खेळांच्या सेव्ह फाइलीही आत्ताच बाहेर काढा. स्टीम क्लाउड प्रत्येक खेळाला नसतो. डॉक्युमेंट्स आणि अ‍ॅपडेटा या दोन फोल्डरांत शोधले की बहुतेक सापडतात.

डिस्क उघडायची तयारी असेल, तर याहून निर्धास्त मार्ग आहे: मूळ एसएसडी काढून जपून ठेवणे आणि नवी बसवणे. साध्या अ‍ॅलायला २२३० मापाची लागते, अ‍ॅलाय एक्सला २२८०. झाकण निघाल्यावर सर्वात आधी बॅटरीची जोडणी सोडवा.

आता सामान. १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. साध्या अ‍ॅलायला पेनड्राइव्हसाठी एकच यूएसबी-सी पोर्ट आहे आणि चार्जिंगही तिथूनच, म्हणून चार्जिंग पुढे जाऊ देणारा हब हवा. त्यात चार्जर, पेनड्राइव्ह आणि एक वायरचा कीबोर्ड. मेमरी कार्डावरून इन्स्टॉल करू नका. साध्या अ‍ॅलायचे कार्ड रीडर उष्णतेने बिघडू शकते हे असुसने स्वतः मान्य केलेले आहे.

बॅझाइटच्या संकेतस्थळावर यंत्राचे नाव आणि गेम मोड हवा की नको हे विचारतात. तिथे चुकीचे उत्तर दिले की साधा डेस्कटॉप पदरात पडतो. उतरवलेली फाइल पूर्ण आहे ना ते तपासा: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा एसएचए२५६ हा फाइलची ओळख पटवणारा आकडा काढून देते, तो संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉलर मध्येच थांबतो आणि लोक यंत्राला दोष देतात. पेनड्राइव्ह फेडोरा मीडिया रायटरने किंवा रूफसमध्ये डीडी पर्याय निवडून लिहा. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवर अनेक प्रणाली ठेवणारे साधन) इथे टाळा. लिहून झाल्यावर विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करू का’ असे विचारेल. तिला पेनड्राइव्हवरची मांडणी ओळखू येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नको म्हणा.

आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरून पॉवर दाबले की बायोस उघडतो. तिथल्या बूट यादीतून पेनड्राइव्ह निवडा. (लेनोवोच्या लिजन गो या हँडहेल्डवर हा सगळा मजकूर आडवा दिसतो. त्याचा पडदा मुळात उभ्या मांडणीचा आहे, बिघाड नव्हे.) इन्स्टॉलरमध्ये डिस्क निवडताना नाव आणि आकार वाचा, यादीत पेनड्राइव्हही असतो. पुढे पूर्ण डिस्क पुसायची की फक्त मोकळी जागा वापरायची, या निवडीवर विंडोजचे भवितव्य ठरते. इथे दोनदा वाचूनच पुढे जावे.

कीबोर्ड कशाला, असे अनेक जण विचारतात. त्याचे कारण पहिल्या रीस्टार्टला कळते. सिक्युअर बूट चालू असेल तर निळ्या पडद्यावर ‘एमओके मॅनेजमेंटसाठी कुठलेही बटण दाबा’ असे येते (एमओके म्हणजे यंत्राच्या मालकाने मंजूर केलेली सुरक्षा-किल्ली) आणि बाजूला १० पासून सेकंद उलटे मोजले जातात. त्या वेळात कीबोर्डावरचे बटण दाबले नाही, तर पडदा निघून जातो आणि बॅझाइट सुरू होत नाही. बटण दाबून ‘एनरोल एमओके’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’. पुढे पासवर्ड मागतात: युनिव्हर्सल आणि ब्लू हे दोन इंग्रजी शब्द जोडून, सगळी अक्षरे लहान लिपीत, मध्ये जागा नाही. टाइप करताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. बटणे लागत नाहीत असे वाटून लोक पुन्हा पुन्हा टाइप करतात आणि पासवर्ड चुकतो. डोळे कीबोर्डावर ठेवून एकदाच सावकाश टाइप करा आणि एंटर दाबा. पडदा हुकला असेल तर सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून बॅझाइट सुरू करता येते.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना भारतात हमखास दिसणारी एक गोष्ट म्हणजे साडेपाच तासांनी चुकलेले घड्याळ. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स ग्रिनिचची. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की घड्याळ ५ तास ३० मिनिटे मागे, उलट गेलात की तितकेच पुढे. इंटरनेट जोडले की वेळ सुधारते, पण तोवर स्टीमचे लॉगिन अडते आणि क्लाउडमधली सेव्ह नवी की यंत्रातली नवी, असा घोळ होतो. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा किंवा विंडोजला रजिस्ट्रीतून ग्रिनिचची. दोन्हीकडे एकदम बदलू नका, पुन्हा तेच होईल. तसेच, एकच एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीचे) पार्टिशन दोघांत वाटून त्यावर स्टीमचे खेळ ठेवण्याचा मोह आवरा. प्रोटॉन (विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारा स्टीममधला प्रोग्रॅम) प्रत्येक खेळासाठी ‘सी’ आणि पुढे अपूर्णविराम (:) अशा नावाची जोडणी तयार करतो. विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह चालत नाही, तपासणीत ती त्या फाइली बिघडलेल्या ठरवते, आणि खेळ उघडेनासे होतात.

काय चालणार नाही हे आधीच सांगितले पाहिजे, कारण खरा मनस्ताप इथे होतो. व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट आणि पब्जीची पीसी आवृत्तीही नाही. एपेक्स लेजंड्सने २०२४च्या ऑक्टोबरअखेर लिनक्सला दार बंद केले, जीटीए ऑनलाइनने त्याआधी सप्टेंबरमध्ये. जीटीए ५ची एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीवरून उतरवून खेळायचे खेळही नाहीत. दोष लिनक्सच्या वेगाचा नाही. या खेळांचे फसवेगिरी रोखणारे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालू द्यायचे की नाही हे त्यांच्या कंपन्या ठरवतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मजेत चालतात. रोज व्हॅलोरंट खेळणाऱ्याने विंडोज पुसूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरीबद्दलही अवाजवी आशा नको. साध्या अ‍ॅलायची बॅटरी ४० वॅट-तासांची. चिपला १५ वॅट दिले आणि पडदा, रॅम, पंखा यांचे वर धरले, तर कुठलीही प्रणाली टाका, ती दोन तासांच्या आत संपणारच. फायदा दिसतो तो हलक्या खेळांत ८-१० वॅटवर चालवताना आणि झोपेत.

वाल्व्हची स्टीमओएस ही स्टीम डेकची लिनक्स प्रणाली २०२५च्या मे महिन्यातल्या ३.७ आवृत्तीपासून लिजन गो एसवर अधिकृतपणे चालते आणि अ‍ॅलायवरही टाकता येते. पण तिचा इन्स्टॉलर पूर्ण डिस्क पुसतो आणि सिक्युअर बूट बंदच लागतो. बॅझाइटमध्ये अपडेट बिघडले तर बूट मेन्यूतून मागची आवृत्ती निवडून काम भागते, हा मला मोठा आधार वाटतो.

परत फिरायचे झाले, तर अ‍ॅलायच्या बायोसमध्ये क्लाउड रिकव्हरी आहे. डिस्क कोरी असली तरी ती वाय-फायवरून विंडोज उतरवते, आणि परवाना यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असल्याने की विकत घ्यावी लागत नाही. हॉस्टेलच्या वाय-फायवर हे जमत नाही, कारण तिथे लॉगिनचे पान उघडावे लागते आणि बायोसला ब्राउझर नसतो. घरच्या ब्रॉडबँडवर करा.

दुकानदारांना विनंती एवढीच, की काम हातात घेण्याआधी ग्राहकाकडून तो खेळत असलेल्या खेळांची यादी घ्या आणि न चालणाऱ्या खेळांवर त्याच्यासमोर फुली मारा. बिटलॉकरची की कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. यंत्र परत देताना काउंटरवरच एखादा खेळ सुरू करून यंत्र झोपवा, पाच मिनिटांनी उठवा आणि मागच्या दोन बटणांसकट सगळी बटणे ग्राहकाला दाबून पाहायला सांगा.

आपली,
एक वाचक, पुणे