निवळणारे खडूस आणि दोनशे लिटरचं टिपाड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत विनोदी प्रेमपटांतल्या खडूस नायकांवर लेख आला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा मजा वाटली म्हणून, दुसऱ्यांदा राग आला म्हणून. माणूस कितीही तिरसट असू दे, जीव लावणारी बाई भेटली की तो विरघळतो, असा त्या लेखाचा सूर. लिहिणारे पुरुष आहेत हे वरचं नाव न बघताच ओळखलं.

राग का आला ते सांगते. त्याच आठवड्यात माझ्या भाचीला बघायला औशाकडचे पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा बाहेर गेल्या, आणि मध्यस्थी करणारे मामा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणाले, "पोरगं जरासं तापट हाय, पर लगीन झाल्यावर निवळंल बगा." हे वाक्य मी माझ्या लग्नात ऐकलं, नणंदेच्या लग्नात ऐकलं, आणि शाळेत शिकवत होते तेव्हा सोबतच्या निम्म्या बायकांकडून ऐकलं. निवळतं ते पाणी, मामा. त्यालासुद्धा तुरटी फिरवावी लागते, आणि त्यात झिजते तुरटीच.

लेखात दाखला म्हणून 'ॲज गुड ॲज इट गेट्स' हा सिनेमा घेतलाय. १९९७ चा, जेम्स ब्रुक्स यांचा. मी तो मुलीकडे पुण्याला असताना पाहिलाय, खालची अक्षरं वाचत, थांबवून थांबवून, त्यामुळे चांगला लक्षात आहे. जॅक निकल्सन आणि हेलन हंट दोघांनाही त्यासाठी ऑस्कर मिळालं, आणि कामं आहेतही तशीच. तो तेव्हा साठीचा आणि ती तिशीतली, यावर मात्र लेखात अवाक्षर नाही. असं स्थळ आमच्या गल्लीत आलं असतं तर लोकांनी महिनाभर दुसरा विषय काढला नसता. असो.

निकल्सननं केलेला हा न्यूयॉर्कमधला मेल्विन प्रेमाच्या कादंबऱ्या लिहून पोट भरतो आणि भेटेल त्या माणसाच्या अंगावर जातो. शेजाऱ्याचं कुत्रं तर तो सरळ कचऱ्याच्या नळीतून खाली सोडून देतो. फरशीच्या भेगेवर पाय पडू देत नाही, दाराची कुलपं पुन्हा पुन्हा लावतो, हॉटेलात जाताना घरून प्लॅस्टिकचे काटे-चमचे नेतो. (हा आजार आहे हे सिनेमाला ठाऊक आहे. लेखकानं 'विक्षिप्तपणा' म्हणून उरकलंय.)

आता हा माणूस कशानं बदलतो ते नीट बघा. हॉटेलात त्याला रोज वाढणारी कॅरल कामावर यायची बंद होते, कारण तिच्या लेकराला दमा आहे. मेल्विन तिच्या घरी जातो आणि स्वतःच्या जेवणाचं रडगाणं लावतो. मग तिच्या मुलासाठी चांगला डॉक्टर पाठवतो, पैसे स्वतः भरतो. कशासाठी? तर ती कामावर यावी आणि आपल्याला तिच्याच हातचं ताट मिळावं. ह्याला प्रेम म्हणायचं असेल तर म्हणा, माझ्या मते ही गरज. आणि कॅरलला ती बरोबर कळते. भर पावसात, रात्री, निथळत ती त्याच्या दारात येऊन उभी राहते आणि स्वच्छ सांगते की या उपकाराच्या बदल्यात मी तुझ्याबरोबर कधीही झोपणार नाही. पुढे एका जेवणाच्या टेबलावर तो तिला सांगतो की मला गोळ्यांचा तिटकारा आहे, पण तू त्या रात्री येऊन गेलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी गोळ्या चालू केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून, संपादक महोदय. तिनं आधी वर्षानुवर्षं त्याचं ऐकून घेतलं तेव्हा गोळी घेतली नाही. 'नाही' म्हणाली तेव्हा घेतली. लेखात टेबलावरचा तो प्रसंग आलाय, पावसातला गाळलाय. शिवाय त्याच टेबलावर दोन मिनिटांत तो पुन्हा असं काही बोलून बसतो की ती उठून निघून जाते, हेही गाळलंय.

आता घरचंच सांगते. आमचे हे लग्नाआधीपासून 'जरासे तापट'. तीस वर्षं मी तुरटी फिरवली. भाजीत मीठ कमी, ओरड. वर्तमानपत्राची घडी मोडली, ओरड. वरच्या मजल्यावर भाडेकरू आले, कडेवर लेकरू असलेली तरुण जोडी, तर जिन्यात चपला वाजल्या म्हणून ओरड.

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरकरांना तो सांगायला नको, पण तुमचे बाकीचे वाचक विसरले असतील. पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टँकरांची, त्यात पाच लाख लिटर पाणी. लोक स्टेशनवर ती बघायला गेले होते, जणू नवरदेवच उतरणार आहे. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो रात्री, कधी एकला, कधी तीनला. यांना कानानं जरा कमी येतं. म्हणजे चपलांचा आवाज येतो, टँकरचा येत नाही. मी मधुमेहाची, झोपले की झोपले. तेव्हा यांनी ठरवलं की वरच्या सुनबाईनं खाली येऊन दार वाजवावं. ती जिन्यात उभी राहून म्हणाली, "काका, माझ्या चपलांचा आवाज तुमाला चालत न्हाई. मग रात्री दोनला टँकर आला म्हणून सांगाया मी खाली कशी येऊ?" आणि लेकराला घेऊन वर गेली. उद्धटपणा नाही, आवाज चढवला नाही.

त्या आठवड्यात दोन टँकर हुकले. आमचं दोनशे लिटरचं निळं टिपाड तळाला गेलं. तळाशी बोटभर गाळ आणि त्यात पालथा पडलेला तांब्या, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. पाचव्या दिवशी सकाळी हे जिना चढून वर गेले. गुडघा धरत, मधल्या पायरीवर थांबत. तिच्या दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "चपला घालूनच येत जा." आमच्या घरात याला माफी म्हणतात.

त्यानंतर ती उठवायची, हे पाइप धरायचे. दोन कळश्या तिला द्यायच्या असा व्यवहार ठरला, अगदी मोजून. मे महिन्यात एका रात्री मी जागी होते, खिडकीतून बघितलं, तर यांनी पाइप आधी तिच्या ड्रममध्ये सोडला होता. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओरडले असते.

पावसाळ्यात मांजरा धरण भरलं, नळ आले, आणि स्वभावही निम्माअर्धा परत आला. ती जोडी पुढे नांदेडला गेली. नवीन भाडेकरूंच्या चपला वाजल्या की हे अजून ओरडतात, फक्त आधी एकदा खाकरतात. दोन महिन्यांत एका परक्या पोरीच्या एका वाक्यानं एवढं झालं. माझ्या तीस वर्षांनी ते खाकरणंसुद्धा जमलं नव्हतं.

लहानपणी आजी नाथषष्ठीला पैठणला न्यायची आणि वाटेत गोष्ट सांगायची. नाथ गोदावरीत आंघोळ करून येत, एक जण त्यांच्यावर थुंके, नाथ काही न बोलता परत नदीवर जात. असं १०८ वेळा झालं आणि शेवटी तो पायावर पडला. गोष्ट मला आवडते. पण आमच्याकडे ती लग्नाळू मुलींना सांगतात, थुंकणाऱ्यांना सांगताना मी कुणाला पाहिलेलं नाही. आणि नाथांना नदी भरलेली होती हो. लातुरात एप्रिलमध्ये १०८ आंघोळी कुठल्या पाण्यानं करायच्या?

मराठी रंगभूमीवर वासुदेवराव केळकरांची 'त्राटिका' आठवा. शेक्सपिअरवरून बेतलेल्या त्या नाटकात बाई तिखट निघाली तर तिला उपाशी ठेवून, झोपू न देऊन सरळ करतात आणि प्रेक्षक हसतात. पुरुष तिखट निघाला तर त्याला खाऊ घालून सरळ करायचं काम पुन्हा बाईचंच. तुमच्या लेखकांनी यावरही एखादा रविवार खर्च करावा.

भाचीचं काय झालं ते राहिलं. बाहेर बोलावल्यावर तिनं मुलाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही चिडल्यावर काय करता?" मुलगा बशीतल्या शेंगदाण्याकडे बघत राहिला. उत्तर त्याच्या आईनं दिलं, "चिडला तरी मनात काही ठेवत न्हाई." भाचीनं दुसऱ्या दिवशी नकार कळवला. मामा अजून आमच्याकडे चहाला येत नाहीत.

ता. क. पत्र छापलंत तर नाव छापू नये. आमच्याकडे सकाळी सहाला पेपर आधी हे वाचतात, मग घडी घालून मला देतात. अर्थात टिपाडावरून त्यांना कळेलच. बघू, ओरडतात की खाकरतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर