'चालकाचा ताबा सुटला' एवढ्यावर बातमी संपवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं, 'चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने'. मी गेली 18 वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो, पोट त्याच्यावरच आहे, आणि हे वाक्य वाचलं की दर वेळी वाटतं, ताबा सुटला खरा पण कशाने सुटला ते कोणी विचारलं का?

माझ्याबाबतीत झालं ते सांगतो. गाडीला पुढून डाव्या बाजूने कटकट आवाज यायचा, वळवताना आणि खड्ड्यातून जाताना जास्तच. मालकांना सांगितलं, गॅरेजला दाखवलं, तिथं अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ करणं) करून दिलं आणि म्हणाले अजून चालेल. महिन्याभरात टायर आतल्या बाजूने खाल्लं, मग परत अलाइनमेंट. खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा आणि वळू देणारा गोळा-वाटीचा सांधा, कोणी हलवून बघितलाच नाही. एक दिवस पार्किंगमधून वळवून काढताना धाडकन आवाज झाला, गाडी एका बाजूला बसली, चाक आडवं झालं, स्टिअरिंग फिरतंय पण चाक ऐकतच नाही. स्पीड दहाच्या आत होता म्हणून आज हे पत्र लिहितोय. अर्ध्या तासापूर्वी त्याच गाडीत चार माणसं घेऊन मी हायवेवरून 80 ने आलो होतो.

नंतर तो जॉइंट हातात घेऊन बघितला. रबरी बूट (सांध्यावरचं झाकण) फाटलेला, ग्रीस धुऊन गेलेलं, आत माती आणि पाणी, आणि गोळा इतका झिजलेला की वाटीतून सरळ निसटला. म्हणजे हे एका दिवसात झालेलं नाही, बूटला चीर पडली तेव्हापासून चालू होतं आणि आवाज देऊन सांगतही होतं!

शॉकअप गेला तर लोकांना वाटतं गाडी आदळते, कंबर दुखते, बास. पण चाक रस्त्याला टेकून ठेवायचं कामही त्याचंच आहे, चाक उड्या मारायला लागलं की ब्रेक धरणार कुठे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलं तरी गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. स्प्रिंग तुटली तर तिचं टोक टायर फाडू शकतं. ट्रकला पाट्यांचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) मधला, सेंटर बोल्ट तुटला की अॅक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरकी पळते, त्यात ओव्हरलोड असेल तर विचारूच नका, आणि माल किती भरायचा, पाटे कधी बदलायचे हे आमच्यासारखा पगारी ड्रायव्हर ठरवत नाही.

मोठ्या कंपन्यांचंही तसंच. 2020 मध्ये चीनमध्ये टेस्लाला सस्पेन्शनच्या लिंक (चाक गाडीला जोडणारे दांडे) तुटू शकतात म्हणून जवळपास 30 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तरी कंपनीने अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याला कळवलं की दोष गाडीत नाही, चालवणाऱ्यांनी गाड्या नीट वापरल्या नाहीत. म्हणजे शेवटी बोट ड्रायव्हरकडेच.

चाक जॅकवर उचलून एक हात वर आणि एक हात खाली धरून हलवलं तर ढिलेपणा बऱ्याचदा हाताला लगेच कळतो, पाच मिनिटांचं काम आहे, गॅरेजवाला करत नसेल तर आपण उभं राहून करून घ्यावं, विशेषतः आवाज येत असताना नुसतं अलाइनमेंट करून देत असेल तर.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे. अपघातातल्या गाडीचा जॉइंट किंवा स्प्रिंग तुटलेली असेल तर ती धडकेने तुटली की आधीच तुटत आली होती हे जाणकाराला बऱ्याच वेळा सांगता येतं, जुनी चीर गंजलेली, काळपट दिसते आणि ताजी तुटलेली जागा चकचकीत असते. ते कोणी बघितलं का एवढं तपास करणाऱ्यांना विचारा, आणि बघितलं नसेल तर बातमीत तसं छापा.

आपला वाचक,
एक पगारी ड्रायव्हर