दाढीच्या ब्रशाविषयी चि. ओंकारला

नाशिक

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझा सेफ्टी रेझर आणि वडीचा साबण आल्याचे कळले. ब्रश मात्र अजून ठरत नाही, म्हणून तू तीन ब्रशांची छायाचित्रे पाठवलीस. त्यांतला एक बॅजर या बिळात राहणाऱ्या रानटी प्राण्याच्या केसांचा, दुसरा डुकराच्या केसांचा आणि तिसरा कृत्रिम तंतूंचा आहे. फोनवर एका वाक्यात उत्तर देता आले असते, पण ही वस्तू रोज सकाळी चेहऱ्याला लागते आणि नीट सांभाळली तर कैक वर्षे टिकते, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: तू तिसरा घ्यावास.

बॅजरचा ब्रश सर्वांत महाग आहे, म्हणून तो सर्वांत चांगला असेल असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा झुपका भरपूर पाणी धरतो आणि टोके मऊ असतात, हे खरेच. परंतु डबीवर छापलेले ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ हे दर्जे कोणत्याही सर्वमान्य मानकाने बांधलेले नाहीत. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसरीच्या ‘सुपर’पेक्षा सरस निघू शकतो. पहिल्या महायुद्धात नेहमीचा पुरवठा तुटला, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून विकले गेले, आणि नीट निर्जंतुक न केलेल्या अशा ब्रशांमुळे अमेरिका व ब्रिटनमध्ये सैनिकांसह अनेकांना अँथ्रॅक्स हा जीवघेणा आजार झाला. 1920 मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली ती याच कारणाने. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही, पण नुसत्या नावावर भुलू नये एवढे त्यातून घ्यावे. शिवाय हे केस मिळवण्यासाठी तो प्राणी मारला जातो. ज्या ब्रिटनमध्ये या ब्रशांची एवढी प्रतिष्ठा आहे, तिथे 1992 च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे, आणि बाजारातले बहुतेक केस चीनमधून येतात. हे मला पटत नाही, आणि तुलाही पटणार नाही असे वाटते.

डुकराच्या केसांच्या ब्रशावर माझा स्वतःचा जीव आहे. इटलीतल्या बोलोन्याची ‘ओमेगा’ आणि पोर्तुगालची ‘सेमोग’ या कंपन्यांनी याच केसांवर नाव कमावले. हा केस जाड आणि ताठ असतो, त्यामुळे कडक साबणाच्या वडीवरून तो भराभर साबण उचलतो. नवा असताना टोचतो, त्याला जनावराचा वासही येतो. पण काही आठवड्यांच्या वापराने एकेका केसाचे टोक उकलते आणि त्याच्या दोन-तीन बारीक शाखा होतात. उजेडात धरून पाहिले तर त्या डोळ्यांना दिसतात, आणि मग तोच ब्रश गालावर मखमलीसारखा फिरतो. मात्र तो केस स्वतः पाणी पितो, म्हणून दाढीपूर्वी त्याला काही मिनिटे कोमट पाण्यात भिजत ठेवावे लागते आणि नंतर वाळायलाही वेळ लागतो. तुझ्या न्हाणीघराला खिडकी नाही. तिथे तो दुसऱ्या सकाळपर्यंत ओलाच राहील आणि कुबट वास धरेल. त्यातून तुझ्या खोलीतल्या मित्राला डुकराचे केस निषिद्ध आहेत आणि फळी दोघांची एकच आहे, तेव्हा त्याच्या मनाचाही मान राखला पाहिजे.

कृत्रिम तंतू पाणी पीत नाही. त्यामुळे ब्रश भिजवावा लागत नाही, लवकर वाळतो आणि साबणही कमी लागतो. पूर्वीचे नायलॉनचे ब्रश राठ असत आणि फेस धरत नसत. हल्लीच्या तंतूंची टोके निमुळती केलेली असतात, त्यामुळे तो अनुभव आता येत नाही. मात्र तंतूंच्या मधले पाणी दाब पडताच एकदम सुटते, म्हणून साबणावर फिरवण्याआधी ब्रश चांगला झटक आणि पाणी नंतर थेंबाथेंबाने घाल. तुझ्याकडचे पाणी क्षाराचे असल्याने फेस लवकर बसेल. तेव्हा साबण थोडा जास्त घे आणि फेस दह्याइतका दाट व चकचकीत होईपर्यंत घोटत राहा. मोठे बुडबुडे दिसले तर साबण कमी पडला असे समज.

मापाकडे मात्र नीट लक्ष दे. झुपक्याचा बुडाशी व्यास 24 मिलिमीटर आणि मुठीपासून टोकापर्यंत केसांची उंची 50 मिलिमीटरच्या आसपास असावी. त्याच व्यासाला उंची बरीच वाढली की ब्रश लुळा पडतो आणि तुझ्या वडीवरून साबण उचलत नाही. व्यास 28 झाला तर ओठाच्या वर फिरवताना फेस नाकात जातो. मूठ राळेची घे, कारण लाकडाचे रोगण उडाले की ओल आत शिरून ते तडकते. उकळते पाणी कधीच वापरू नकोस; त्याने झुपका बसवलेला गोंद सैल होतो.

दाढी झाली की बुडाशी अडकलेला साबण निघेपर्यंत ब्रश धुऊन झटकून ठेव. सुरुवातीला दोन-चार तंतू गळाले तर काळजी करू नकोस, पण आठवड्यानंतरही रोज गळत राहिले तर झुपका नीट बसवलेला नाही असे समजून तो दुकानदाराला परत कर. पावती तोवर जपून ठेव.

तुझा,
बाबा