चित्रपट तयार होतो, गावापर्यंत येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शुक्रवारच्या पुरवणीतली चित्रपट परीक्षणं मी न चुकता वाचतो. गेल्या वर्षी असंच एका छोट्या मराठी चित्रपटाबद्दल वाचून मंगळवारी रजा टाकली आणि आम्ही दोघं जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. तिथे दिवसात एकच खेळ होता, पावणेबाराचा. आमच्याशिवाय कॉलेजातली एक मुलगी आली होती. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, दहा तिकिटं गेल्याशिवाय शो लावत नाही. साडेबारापर्यंत थांबलो आणि एसटीने परत आलो. गुरुवारनंतर चित्रपट उतरला. ‘प्रेक्षकच नाहीत’ असं अशा चित्रपटांबद्दल म्हणतात, त्या हिशेबात आम्ही तिघं कुठेच नसतो.

ते मनाला लागलं, म्हणून आम्ही सहा-सात जणांनी तो चित्रपट स्वतःच गावात आणायचं ठरवलं. जुन्या टॉकीजच्या मालकांनी रविवारी सकाळी नऊचा खेळ ठरावीक भाड्यावर दिला. पूर्वी रिळांच्या पेट्या यायच्या, आता एक हार्ड डिस्क येते. पण नुसती डिस्क पुरत नाही, तिची डिजिटल चावी लागते. ती त्याच टॉकीजच्या यंत्रासाठी बनते आणि ठरवून दिलेल्या वेळातच चालते. डिस्क शुक्रवारी कुरिअरने आली. चावीचा ईमेल रविवारी साडेआठ वाजले तरी नाही. बाहेर रांग लागलेली, आणि प्रोजेक्शनच्या खोलीत ऑपरेटरकाका दर मिनिटाला मोबाइल बघत होते. नऊला पाच कमी असताना चावी आली. एकशे बासष्ट लोकांनी चित्रपट पाहिला. त्याच चित्रपटाला, त्याच जिल्ह्यात.

या खटाटोपात वितरणाचं गणित थोडंफार कळलं. मल्टिप्लेक्समध्ये कर वजा जाता पहिल्या आठवड्यात साधारण निम्मा वाटा निर्मात्या-वितरकाकडे येतो आणि पुढे दर आठवड्याला उतरत जातो. त्यामुळे सगळा भार पहिल्या तीन दिवसांवर. ज्याच्याकडे होर्डिंगला पैसे नाहीत, त्याचा चित्रपट एकाने दुसऱ्याला सांगून चालतो, आणि त्याला निदान दोन आठवडे लागतात. मिळतो एकच आठवडा, तोही भरदुपारच्या खेळाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झालेला ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो लागला मार्च २०२५ मध्ये. चंद्रपूरचा चित्रपट चंद्रपूरला यायला दीड वर्ष!

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना ‘प्राइम टाइम’मध्ये, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेत, मराठी चित्रपट लावायला सांगितलं. व्हेनिसला पुरस्कार मिळवून आलेला ‘कोर्ट’ त्याच महिन्यात प्रदर्शित झाला होता. पण लगेच ही वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस झाली. दुपारी बाराला नोकरदार माणूस चित्रपट कसा बघणार?

मला ‘मंथन’ आठवतो, १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून तो उभा केला; पटकथेत आपले नाटककार विजय तेंडुलकर होते. निर्मितीची ही गोष्ट सगळे सांगतात. पण प्रदर्शनानंतर त्याच्या १६ मि.मी.च्या प्रती खेड्यापाड्यांत नेऊन दाखवल्या, ते फारसं कोणी सांगत नाही. मला तेच जास्त मोलाचं वाटतं. ज्यांच्यासाठी चित्रपट केला, त्यांच्या दारापर्यंत तो नेला.

नगरपालिकांची नाट्यगृहं महिन्यातले कितीतरी दिवस कुलूपबंद असतात. तिथे चांगला प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा बसवावी, आणि ज्या मराठी चित्रपटांना शासन अनुदान देतं त्यांचे खेळ तिथे ठरवून लावावेत. कॉलेजांच्या मुलांना तिकीट विकण्यापासून खेळ लावण्यापर्यंत सगळं करू द्यावं. चित्रपट पडद्यावर कसा येतो, हे त्या एका रविवारी आम्हाला जेवढं कळलं तेवढं वाचून कधी कळलं नव्हतं.

आणि आपल्याला एक विनंती. छोट्या चित्रपटाचं परीक्षण छापाल तेव्हा खाली दोन ओळींत तो कोणत्या जिल्ह्यात, किती वाजता लागला आहे, तेही छापा. तेवढं कळलं तर आमच्यासारखे लोक पहिल्या तीन दिवसांतच जातील.

येत्या रविवारी आमचा दुसरा खेळ आहे, सकाळी नऊला, तिकीट ऐंशी रुपये. चावी या वेळी शनिवारीच मागितली आहे.

आपला,
एक वाचक, जि. सातारा