मला झाला म्हणून भाऊ सुटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला क्रॉनिक किडनी डिसीजवरचा लेख वाचला. मधुमेह आणि रक्तदाबावर भरपूर लिहिलंय, ते योग्यच आहे. पण आमच्या घरातल्या आजाराच्या वाट्याला अर्धंच वाक्य आलं: 'काही आनुवंशिक कारणेही असतात.'

आमच्याकडे पॉलिसिस्टिक किडनी आहे. वडिलांचा चेहरा सुकत चालला होता आणि पँटची कंबर मात्र वरचेवर उसवून वाढवावी लागायची. आम्ही त्यांच्या ढेरीची थट्टा करायचो. ती ढेरी नव्हतीच, पाण्याच्या गाठींनी फुगलेल्या दोन किडन्या होत्या. निदान झालं आणि दोन महिन्यांत डायलिसिस सुरू झालं.

त्यानंतर माझी सोनोग्राफी केली, तेव्हा मी 34 वर्षांची होते. डॉक्टर पडद्यावर गाठी मोजत होते. अकरापर्यंत मोजल्या आणि थांबले. त्या दिवशी माझं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय हे दाखवणारा रक्तातला आकडा) 0.8, म्हणजे नॉर्मल होतं. हा आकडा मुद्दाम देतेय, कारण 'क्रिएटिनिन नॉर्मल' एवढ्यावर वडील कितीतरी वर्षं निर्धास्त राहिले. गाठी वाढत असताना उरलेला चांगला भाग जास्तीचं काम ओढत राहतो, म्हणून रक्ताचा रिपोर्ट वर्षानुवर्षं छान येतो. तो बिघडेपर्यंत बरीच किडनी गेलेली असते. रक्तदाब मात्र बऱ्याचदा त्याच्या आधीच चढतो. माझा 29व्या वर्षी चढला होता. 'नोकरीचा ताण' म्हणून गोळी मिळाली, घरात कुणाला काय आहे हे विचारलं नाही.

आता धाकट्या भावाचं. तो म्हणतो, "ताई, तुला झालाय म्हणजे मी सुटलो." आई किंवा वडिलांना हा आजार असला, की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता पन्नास टक्के. पन्नास टक्के, दोन मुलं, म्हणजे एकाला, असा त्याचा हिशेब. अहो, नाणं दर वेळी नव्याने उडतं! वडिलांची भावंडं धरून चौघं, त्यांतल्या तिघांना हा आजार निघाला. भाऊ 41 वर्षांचा आहे. या वयात सोनोग्राफी स्वच्छ आली तर त्याचा विषय जवळपास मिटतो आणि त्याच्या मुलांचाही, कारण हा आजार मधली पिढी गाळून पुढे जात नाही.

"कळून करायचं काय, औषध तर नाही," हे त्याचं दुसरं पालुपद. बरं करणारं नाही, खरंय. पण रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो, मीठ कमी करता येतं, अंगदुखीवर मनाने घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टाळता येतात. ज्यांचा आजार वेगाने वाढतो, त्यांच्यासाठी तो वेग कमी करणारं टोल्वाप्टन नावाचं औषध आहे. त्याने तहान फार लागते, सारखं लघवीला जावं लागतं आणि लिव्हरच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. आणि उद्या मला किडनी लागलीच, तर सगळे आधी त्याच्याकडेच बघणार. तेव्हा तपासणी चुकणार आहे का?

पुढच्या पुरवणीत यावर एक चौकट छापाल का? भाऊ तुमचाच पेपर वाचतो. माझं ऐकत नाही, छापलेलं ऐकतो.

— एक वाचक