आधी पट्टा नीट बांधा, मग गोळी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान मुलांना बीपीच्या गोळ्या लिहून देण्याचं प्रमाण वाढलंय हा कालचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण खापर सगळं मोबाईलवर, वजनावर आणि आईबापांवर. बीपी मोजणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही, वा!

माझा मुलगा 13 वर्षांचा, अंगानं दणकट. खोकल्यासाठी नेला होता. दोन जिने पळत चढला, लगेच टेबलावर बसवला, पाय लोंबकळतायत, शर्टाची बाही वर करकचून गुंडाळलेली आणि त्याखाली बीपी मोजायचा लहान मुलांचा पट्टा. तो दंडाला पुरेचना, दोनदा चर्र करून सुटला, तिसऱ्यांदा नर्सबाईंनी चक्क हातानं दाबून धरला. आकडा आला 144/92. डॉक्टरांनी मान वर न करता ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी लिहून दिली. 3 आठवडे घेतली, घोटे सुजले, मोज्याचे वळ रात्रीपर्यंत जायचे नाहीत.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी थांबवली. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून 5 मिनिटं गप्प बसवलं (आमच्या चिरंजीवांना हे गोळीपेक्षा जड गेलं), मोठ्यांचा पट्टा काढून उजव्या दंडावर बांधला. अशा तीन वेगवेगळ्या दिवशी खेपा, वर 24 तास बीपीचं मशीन लावून पाहिलं. सगळं नॉर्मल! पट्टा लहान पडला की आकडा फुगतो म्हणे. हे पहिल्या डॉक्टरांना माहीत नसेल असं मी म्हणणार नाही, वेळ नसेल बिचाऱ्यांना.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2017 सालीच सांगून ठेवलंय की तीन वेगवेगळ्या भेटींत वाढलेलं दिसलं तरच बीपी आहे म्हणायचं, आणि बहुतेक मुलांत आधी खाणंपिणं, व्यायाम, मग गोळी. गोळ्यांशी माझं वैर नाही हो, बहिणीच्या मुलीला किडनीचा त्रास आहे, तिची बीपीची गोळी एक दिवस चुकली तरी घरात आरडाओरडा होतो. तिला ती हवीच.

आणि गोळ्या वाढल्या म्हणजे बीपीचे पेशंट वाढले हे कुणी ठरवलं? प्रोप्रॅनोलॉल मायग्रेनसाठी देतात, क्लोनिडिन एडीएचडीच्या (अतिचंचल, लक्ष न लागणाऱ्या) मुलांना देतात, ही औषधं बीपीसाठीही देतात. नुसत्या चिठ्ठ्या मोजल्या तर तीही त्यातच धरली जाणार ना?

बरं, लेखाशेजारच्या चौकटीत 120/80 च्या वर सगळ्यांनाच धोका असं छापलंय. 13 वर्षांखालच्या मुलांचं वय, उंची, मुलगा की मुलगी हे बघून तक्त्यावरून ठरतं. ती चौकट कापून कुणी फ्रीजवर चिकटवली असेल तर झालंच. आणि फोटोतला तो घड्याळ घातलेला केसाळ हात नक्की कुठल्या बालकाचा?

ता.क. गेल्या दोन रविवारच्या शब्दकोड्यांची उत्तरं अजून छापलेली नाहीत.

आपला,
एक वाचक (आणि बाप)